कॉलर कोण घासणार?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. बाईंचंसुद्धा चुकतं, बरं का!

जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा सलग तीन दिवस शाळेत आला नाही. (नाव नाही सांगणार. तो हे सदर वाचतो.) चौथ्या दिवशी उगवला तो असा : शर्टाची कॉलर पिवळी, पँटच्या गुडघ्यांवर वाळलेला चिखल आणि जवळ गेलं की ओल्या फडक्यासारखा कुबट वास. प्रार्थनेच्या रांगेतून मी त्याला पुढे काढलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "अरे, सातवीत आलास ना? हा काय अवतार?" रांगेत हशा पिकला. तो मान खाली घालून उभा राहिला. एक अक्षर बोलला नाही.

मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राने मला गाठलं. म्हणाला, "बाई, त्याची आई जिन्यात पाय घसरून पडली. उजव्या हाताला प्लास्टर आहे. बाबा रात्री दहाला येतात. त्याचे दोन्ही गणवेश मळलेत, म्हणून तो येत नव्हता."

आता गंमत पाहा. गंमत कसली, विचार करायला लावणारी गोष्ट. त्या घरात वॉशिंग मशीन आहे. साबण आहे. नळाला पाणी आहे. आणि अपूर्णांकांचे गुणाकार तोंडी करणारा, चांगला बारा वर्षांचा मुलगा आहे. तरी तीन दिवस शाळा बुडली. का? तर शर्ट कोण धुणार, याचं उत्तर घरात एकच होतं आणि त्या उत्तराचा हात गळ्यात बांधलेला होता.

मी वर्गात जाऊन त्याची माफी मागितली. सगळ्यांदेखत. ओरडले होते सगळ्यांदेखत, मग माफी कोपऱ्यात घेऊन कशी चालेल?

मग भूगोलाचा तास बाजूला ठेवला आणि वर्गाला विचारलं, "स्वतःचा शर्ट स्वतः धुतलाय कोणी?" बोटांवर मोजता येतील एवढे हात वर आले आणि त्यात मुलीच जास्त. त्यातली एक म्हणाली, "बाई, मी माझा धुते आणि दादाचापण धुते. दादा नववीत आहे ना, त्याला अभ्यास असतो." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्याकडे मशीन धुतं!"

बरं, म्हटलं, मशीन धुतं ना? मग फळ्यावर लिहू या. खुर्चीवर फेकलेला शर्ट उचलणे. खिसे तपासणे. (खिशात राहिलेला कागदी रुमाल सगळ्या कपड्यांवर कसा बसतो, ते ज्याने पाहिलंय त्याला विचारा.) पांढरे आणि रंगीत वेगळे करणे. कॉलर आणि बाह्यांच्या कडा घासणे. मशीनमध्ये टाकणे. धुणे आणि पिळणे. बाहेर काढणे. झटकून दोरीवर घालणे. वाळल्यावर काढणे. इस्त्री. घडी करून कपाटात ठेवणे. किती झाली? अकरा कामं. त्यातलं मशीन किती करतं? फक्त सहावं. एक!

"मग उरलेली दहा कोण करतं?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "आई!" आणि ओरडून झाल्यावर एकदम शांत झाला. ती शांतता मला फार आवडली.

त्या शांततेत मी त्यांना अमळनेरची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. अमळनेर म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातलं गाव. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात एक शिक्षक होते, पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी. 'श्यामची आई' त्यांनी नंतर, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. अमळनेरला ते शिकवायचे आणि शाळेच्या छात्रालयाचे, म्हणजे वसतिगृहाचे, प्रमुखही होते. वसतिगृहातली मुलं कशी असणार? तुमच्यासारखीच! अंथरूण तसंच पसरलेलं, कंदिलाची काच काजळलेली, मळके कपडे कोपऱ्यात. मुलं शाळेत गेली की गुरुजी खोल्यांमध्ये जायचे. अंथरुणं गुंडाळायचे, केर काढायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे आणि कोपऱ्यातले कपडे धुऊन वाळत घालायचे. ना रागावणं, ना शिक्षा. मुलं परत येऊन बघतात तर खोली लख्ख आणि दोरीवर आपले कपडे! आपल्या गुरुजींनी धुतलेले! मुलं इतकी ओशाळली की हळूहळू स्वतःची कामं स्वतः करू लागली.

गोष्ट संपल्यावर माझ्या डोक्यात जे आलं ते मी तसंच वर्गाला विचारून टाकलं. गुरुजींनी धुतले तेव्हा मुलांना लाज वाटली. आपली आई वर्षानुवर्षं धुते, मग आपल्याला का वाटत नाही?

कोणी बोललं नाही. शेवटी पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, कारण गुरुजींचं ते काम नव्हतं. आईचं असतं."

"असं कोणी ठरवलं?" मी विचारलं. त्याचं उत्तर काही तिला देता आलं नाही. मलाही येत नाही.

आता म्हणाल, बाई नुसत्या उपदेश करतात. तर दुसरी कबुली ऐका. मी डी. एड. ला पुण्याला होते. वसतिगृहात राहायचे. शनिवारी गाडीने कल्याणला घरी यायचे, तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या असायच्या. एकीत पाठ-टाचणांच्या वह्या आणि दुसरीत आठवड्याभराचे मळके कपडे! रविवारी आई ते धुवायची, सोमवारी पहाटे मी घड्या घातलेले कपडे घेऊन परत. आमच्याकडे तेव्हा मशीन नव्हतं. मोरीत बसून, धुण्याचा सोडा घालून, हातानेच. सोड्याने तिच्या बोटांना चिरा पडायच्या आणि भाकरीचं पीठ मळताना त्यात मीठ गेलं की ती फक्त 'स्स' करायची. ते 'स्स' मी दोन वर्षं ऐकलं. आणि त्याच दोन वर्षांत मी कार्यानुभव या विषयाची टाचणं लिहीत होते, त्यात उद्दिष्ट म्हणून 'विद्यार्थ्यांमध्ये श्रमप्रतिष्ठा रुजवणे' असं सुंदर अक्षरात लिहीत होते! माझं अक्षर चांगलं आहे म्हणून शेराही मिळायचा.

तर असो. आता कामाचं बोलू.

शर्ट धुताना तुमची फजिती होणार, हे आधीच सांगून ठेवते. मोठ्यामोठ्यांची झाली आहे. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वकिली करत होते, तेव्हा धोब्याचा खर्च फार आणि कपडेही वेळेवर मिळत नसत, म्हणून त्यांनी धुण्यावरचं पुस्तक आणलं आणि स्वतः शिकले. पहिल्यांदा घरी कॉलरला खळ घातली ती जास्त झाली आणि कॉलर जळेल या भीतीने इस्त्रीही नीट दाबली नाही. तीच कॉलर घालून साहेब कोर्टात! कॉलरमधून खळीचा भुगा झडतोय आणि बाकीचे वकील हसताहेत. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे १९१२ साली नामदार गोखले आफ्रिकेत गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेलं एक उपरणं होतं, अगदी जिवापलीकडे जपलेलं. जोहान्सबर्गच्या मेजवानीला ते घालायचं होतं आणि ते चुरगळलेलं! धोब्याकडे देऊन परत येईपर्यंत वेळ नव्हता. गांधीजी म्हणाले, मी करतो इस्त्री. गोखल्यांना धास्ती. वकील म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. पण शेवटी दिलं, आणि इस्त्री इतकी छान झाली की गोखल्यांनी शाबासकी दिली. म्हणजे कोर्टात भुगा झडण्यापासून रानड्यांच्या उपरण्यापर्यंत मजल जायला काही वर्षं लागली. तुम्हाला चार रविवार पुरतील.

पहिला धडा एकाच गणवेशाचा. आधी पांढरा शर्ट वेगळा. नवीन लाल रुमालाच्या शेजारी पांढरा शर्ट भिजवलात, तर सोमवारी गुलाबी शर्ट घालून यावं लागेल. अर्धी बादली पाणी, एक छोटा चमचा पावडर, आधी पावडर विरघळवायची आणि मग शर्ट बुडवायचा. अर्धा तास पुरे. भिजत घालून विसरायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बादलीला जो वास येतो तो शब्दांत मावत नाही.

मग कॉलर. ती नुसत्या पाण्याने का निघत नाही, ठाऊक आहे? मानेच्या कातडीवर तेलकटपणा असतो, त्यात धूळ चिकटते आणि तेलाचं नि पाण्याचं जमत नाही. साबणाच्या प्रत्येक बारीक कणाला जणू दोन टोकं असतात. एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलवालं टोक मळाला धरतं, पाणीवालं टोक पाण्याला, आणि खळबळलं की मळ ओढला जाऊन पाण्यात येतो. म्हणून कॉलर ओली करून साबणाची वडी फिरवायची, दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि मऊ ब्रशने घासायची. पायपुसण्यासारखी खसाखसा नाही हं! कॉलरच्या कडा उसवतात.

हळदीच्या डागाची मजा तर वेगळीच. डब्यातली बटाट्याची भाजी शर्टावर सांडली, तुम्ही साबण लावलात आणि पिवळा डाग एकदम लालभडक झाला! आमच्या वर्गातल्या एकीने तर "आई, रक्त!" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. घाबरू नका. विज्ञानात 'दर्शक' शिकलात ना? हळद हा दर्शक आहे आणि कपड्याचा साबण असतो आम्लारिधर्मी, म्हणून ती लाल होते. साबण धुऊन टाकला की पुन्हा पिवळी. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन चांगल्या उन्हांत फिका पडत जातो. बॉलपेनच्या शाईला पाणी काही करत नाही, तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागतं. डागाखाली जुनं फडकं ठेवा आणि कापसाने टिपा, पुसू नका, नाहीतर डाग पसरून महाराष्ट्राचा नकाशा तयार होतो. खेळताना गुडघा फुटला, रक्त लागलं, तर थंडच पाणी घ्यायचं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. आणि एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा : ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही, कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीचला मोठ्यांशिवाय हातच लावू नका. इस्त्रीही सुरुवातीला कोणीतरी मोठं जवळ असतानाच, आणि प्लगला हात लावण्याआधी हात कोरडे.

पाण्याचं काय? आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे कित्येक इमारतींत नळ तासभरच येतो, ते मला माहीत आहे, मीही डोंबिवलीतच राहते. शर्ट धुऊन झाला की त्याच साबणाच्या पाण्यात पँट, शेवटी मोजे. स्वच्छाकडून मळक्याकडे. दोनदा खळबळायचं, आणि दुसऱ्या खळबळण्याचं पाणी फेकायचं नाही. ते मोरी धुवायला, संडासात टाकायला उपयोगी. उल्हास नदीतून आपल्या माळ्यावर येईपर्यंत त्या पाण्याने केवढा प्रवास केलेला असतो!

पावसाळ्यात कपडे वाळवणं हा मोठ्यांनाही न सुटलेला प्रश्न आहे. गॅलरीतली दोरी, त्यावर शेजाऱ्यांचंही धुणं, वर थेंबथेंब. एक युक्ती सांगते. पिळलेला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्ही मिळून वळकटी करा आणि ती वळकटी पिळा. टॉवेल बरंच पाणी पितो. मग शर्ट झटकून हँगरला लावा आणि पंख्याखाली टांगा. दोन कपड्यांत वारा जाईल एवढी फट हवीच. कपडा बराच वेळ दमट राहिला की त्यात जिवाणू वाढतात, कुबट वास त्यांचाच.

आता पुढचा मजकूर आईबाबांना वाचायला द्या. चोरून तुम्हीही वाचाल, मला माहीत आहे.

पालकहो, माझी शाळा ठाण्याला. संध्याकाळी लोकलच्या लेडीज डब्यात उभ्याउभ्या मेथी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या बायका मी रोज पाहते. परवा त्यांच्यात हा विषय काढला. एक म्हणाली, "सांगते हो मुलाला, धुतोही. पण स्वच्छ निघत नाही. मग मी रात्री परत धुते. पाणीही दुप्पट जातं." दुसरी म्हणाली, "दहावीचं वर्ष आहे, कुठे त्याला धुणं सांगू?" आणि खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, "मुलगा आहे, त्याला कशाला ते?"

आजींशी मी वाद घातला नाही. डबा भरलेला होता आणि मुंब्रा यायचं होतं. दहावीवालीला एवढंच म्हटलं की मशीन असेल तर त्याच्या वाट्याला येतात फार तर वीस मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यात. तेवढा वेळ तो मोबाइलवर नक्की घालवतो. पण पहिलीचं म्हणणं खरं होतं. ते मला घरी येईपर्यंत पुरलं.

साने गुरुजींची युक्ती आईला वापरता येत नाही. तिने धुतलं तर कोणी ओशाळत नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही. तिला उलटी युक्ती करावी लागेल : थांबायचं. एका रविवारी शेजारी बसून शिकवायचं, दुसऱ्या रविवारी नुसतं बघायचं, आणि तिसऱ्यापासून हात लावायचा नाही. कॉलर पिवळी राहिली तर राहू दे. रात्री मूल झोपल्यावर गुपचूप परत धुवायचं नाही. हे सर्वांत अवघड आहे, कारण शाळेत मळका शर्ट दिसला की आमच्यासारख्या बाई आईलाच बोल लावतात. तेवढी आमची चूक आहे. आमच्या वर्गापुरतं मी ठरवलंय की गणवेशाबद्दल जे बोलायचं ते मुलाशी, तेही एकटं गाठून, आणि आधी विचारून की घरी सगळं ठीक आहे ना.

आणि हो, मुलीने स्वतःचे कपडे धुवावेत, भावाचे नाहीत. दादा नववीत असला तरी. वर्गातल्या त्या मुलीच्या घरी मी हे निरोप म्हणून पाठवलं. दादा माझ्यावर चिडलाय असं कळलं. चिडू दे.

आमच्या त्या मुलाच्या आईचं प्लास्टर आता निघालं. तरी त्याचा गणवेश तोच धुतो. मागच्या सोमवारी आला तेव्हा शर्टाच्या खांद्यांवर चिमट्यांचे दोन कोंब उमटलेले होते आणि खिशाजवळ हळदीची पुसट सावली. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत तोच जवळ आला.

"बाई, बाबांच्या शर्टाचं काय करायचं? ते रात्री दहाला येतात. त्यांचेपण आईच धुते."

मला चटकन उत्तर सुचलं नाही. म्हटलं, "रविवारी घरी असतात ना? रविवारी विचार."

बाबा काय म्हणाले ते अजून कळायचंय. तोवर तुम्हीही एक रविवार बादली घेऊन बसा आणि कोणता डाग निघाला, कोणता निघाला नाही, ते मला पत्राने कळवा. न निघालेल्या डागांची पत्रं आधी वाचेन.